आधी दवाखाना, मग बाकी सगळे

वस्तीत एखाद्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचे घरात कळते तेव्हा सहसा काय होते? आई घाबरून लेकराला आंघोळ घालते. कपडे धुऊन टाकते. बाप कामावरून येईपर्यंत कोणाजवळ बोलायचे नाही असे ठरते. रात्री काका, मामा, गल्लीतले दोन वडीलधारे आणि एखादा कार्यकर्ता घरात बसतात. पोलिसांत जायचे का, समोरच्याला बोलावून दम द्यायचा का, मुलीचे नाव खराब होईल का, या बोलण्यात दोन-तीन दिवस निघून जातात. तोवर एक गोष्ट राहूनच जाते. लेकराला अजून डॉक्टरांनी पाहिलेले नसते.

आरोग्याच्या दृष्टीने हेच दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे असतात. काही औषधे ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात. शरीरावरचा पुरावा चार दिवसांनंतर मिळणे कठीण होते. म्हणून या वेळी या पानावर एकच गोष्ट नीट समजून घेऊ: बैठक नंतर, दवाखाना आधी. दवाखान्यात जायला एफआयआर लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि वस्तीतल्या कोणाची परवानगी लागत नाही.

करणारा बहुतेक ओळखीचाच असतो

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यात मुली होत्या तसे मुलगेही होते. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या अलीकडच्या आकड्यांत पोक्सो कायद्याखालच्या गंभीर गुन्ह्यांत शंभरातले पंचाण्णवहून अधिक आरोपी मुलांच्या ओळखीचे निघाले आहेत: नातेवाईक, शेजारी, मित्र, घरमालक, शिक्षक, कामावरचा माणूस.

म्हणजे आपण लेकराला 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको' एवढेच शिकवतो ते अपुरे आहे. माणूस ओळखीचा असतो, म्हणून लेकरू बोलायला घाबरते. आणि तो ओळखीचा असतो म्हणूनच मोठी माणसेही प्रकरण दाबायला बघतात. हे आपल्या वस्तीत होते, दुसऱ्यांच्या वस्तीत होते, बंगल्यातही होते.

लेकरू बोलते तेव्हा

मूल एका दमात सगळे सांगत नाही. पोट दुखते म्हणते, अमक्याच्या घरी जायचे नाही म्हणते, लघवी करताना आग होते म्हणते. पूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. शाळेत जाणारे मूल अचानक शाळा टाळते. या प्रत्येक गोष्टीला दुसरे कारणही असू शकते. लहान मुलींना जंतामुळे किंवा लघवीच्या संसर्गामुळेही खाज आणि आग होते. म्हणून लगेच कोणावर आळ घेऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांना दाखवा आणि लेकराशी शांतपणे बोला.

त्याने सांगितले तर एवढेच करा.

पहिले, विश्वास ठेवा आणि तसे बोलून दाखवा. 'तू सांगितलेस ते बरे केलेस. यात तुझी काही चूक नाही.' ही दोन वाक्ये लेकराला औषधाइतकीच लागतात.

दुसरे, 'तू तिथे गेलीसच कशाला', 'आरडाओरडा का केला नाहीस', 'इतके दिवस का बोलली नाहीस' हे विचारू नका. भीतीने माणसाची वाचा बसते, मोठ्यांचीसुद्धा.

तिसरे, नावे आपण सुचवू नका. 'अमक्याने हात लावला का?' असे न विचारता 'काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग' असे म्हणा. ते जे शब्द वापरते तेच शब्द, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा.

चौथे, एकदा ऐकून घेतले की आजी, काकू, शेजारीण अशा प्रत्येकीसमोर पुन्हा सांगायला लावू नका. दर वेळी सांगताना ते लेकरू त्याच प्रसंगातून पुन्हा जाते.

घरातून निघण्यापूर्वी

घटना नुकतीच घडली असेल तर लेकराला आंघोळ घालू नका, अंग धुऊ नका. लघवी लागली तर रोखून धरायला लावू नका, फक्त नंतर पाण्याने धुणे टाळा. तोंडावाटे अत्याचार झाला असेल तर तपासणी होईपर्यंत चूळ भरू देऊ नका.

अंगावरचे कपडे बदलले असतील तर न धुता सोबत घ्या. चादर किंवा गोधडीवर डाग असतील तर तीही घ्या. ओले कपडे सावलीत वाळू द्या आणि वर्तमानपत्रात किंवा कागदी पिशवीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा राहतो आणि पुरावा कुजतो.

आंघोळ आधीच झाली असेल, कपडे धुतले गेले असतील, तरी 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका. पुरावा कमी मिळेल, पण उपचाराची गरज तेवढीच असते.

दवाखान्यात काय मिळायला हवे

जिल्हा रुग्णालय म्हणजे आपले सिव्हिल, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा महापालिकेचे मोठे रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे जा. रात्री अपघात विभागात जा. खिडकीवर सर्वांसमोर हकीकत सांगत बसू नका. हळू आवाजात एवढेच म्हणा: 'लेकरावर लैंगिक अत्याचार झाला आहे. उपचार आणि तपासणी दोन्ही हवे आहे.'

यानंतर डॉक्टरांनी पुढील गोष्टी करायच्या असतात.

जखमा, रक्तस्राव आणि वेदना यांवर उपचार. गरज असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून 'पेप' नावाची औषधे. जिथे लागणीचा धोका आहे तिथे ही लवकरात लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस रोज न चुकता घ्यावी लागतात. मळमळ होते म्हणून मधेच थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. मुलग्यांनाही हा धोका असतो आणि हे औषध त्यांनाही मिळाले पाहिजे.

मुलीला पाळी सुरू झालेली असेल तर गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी. ती जितक्या लवकर घ्याल तितकी चांगली लागू पडते. ७२ तासांच्या आत उत्तम, पण पाच दिवसांपर्यंत देता येते.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या इतर आजारांवर औषधे, आणि हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली नसेल तर ती. लहानपणचे लसीकरणाचे कार्ड घरात असेल तर सोबत घ्या.

पुराव्यासाठी नमुने घेणे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात.

आणि मानसिक आधार. डॉक्टर किंवा समुपदेशक यांनी लेकराशी आणि आईवडिलांशी बोलायचे असते.

तपासणीचेही नियम आहेत. पोक्सो कायद्याच्या कलम २७ नुसार मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. आई, वडील किंवा लेकराचा विश्वास असलेली व्यक्ती तपासणीच्या वेळी जवळ राहू शकते. तपासणीसाठी संमती घ्यावी लागते: बारा वर्षांखालच्या लेकरासाठी पालकांची, त्यापुढे स्वतः मुलामुलीची. तपासणीला किंवा नमुने द्यायला नकार दिला तरी उपचार थांबवता येत नाहीत.

एक अपमानास्पद प्रकार पूर्वी चालत असे, तो म्हणजे योनीमार्गात दोन बोटे घालून 'सवय आहे का' हे ठरवणे. या तपासणीला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की अशी तपासणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी मानली जाईल. कोणी तसे करू लागले तर आईने तिथेच थांबवावे.

अनेक घरांत एक गैरसमज असतो, तोही दूर करू. 'डॉक्टर म्हणाले जखम नाही, म्हणजे काही झाले नाही' हे खरे नाही. लहान मुलांवरच्या बऱ्याच अत्याचारांत शरीरावर खूणच राहत नाही आणि राहिली तरी ती लवकर भरून येते. जखम नसणे म्हणजे लेकरू खोटे बोलते असे नाही.

निघताना केस पेपर आणि तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या. ती मोफत मिळते. पुढच्या तारखा लिहून घ्या, कारण एचआयव्ही आणि गर्भधारणेची चाचणी पुन्हा करावी लागते.

दिवस निघून गेले असतील तर

बऱ्याच वेळा लेकरू महिन्यांनी बोलते. तरीही दवाखान्यात न्या. आजारांची तपासणी आणि मनावरचा उपचार यांना मुदत नसते. तक्रारीलाही उशीर झाला म्हणून पोलीस नाही म्हणू शकत नाहीत.

मुलीची पाळी चुकली असेल तर कोणाकडून गोळ्या आणू नका, सुईणीकडे किंवा बोर्ड नसलेल्या डॉक्टरकडे जाऊ नका. अशा ठिकाणी रक्तस्राव होऊन मुली दगावतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारग्रस्त महिला आणि अल्पवयीन मुलींचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, त्यापुढे दोन डॉक्टरांचे लागते. २४ आठवडे उलटले असतील तर उच्च न्यायालयात जावे लागते, म्हणून दिवस मोजत घरात बसू नका.

सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने कोणासोबत राहिली असेल किंवा तिचे कमी वयात लग्न लावलेले असेल, तरी कायद्याने ती बालकच आहे. केस होईल या भीतीने घरचे लोक अशा मुलींना दवाखान्यातच नेत नाहीत. त्यात मुलीच्या जिवाला धोका असतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशी अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही.

दवाखाना 'नाही' म्हणाला तर

'आधी पोलिसांचे पत्र आणा' हे वाक्य गरिबांना फार ऐकावे लागते. ते चूक आहे. २०२० च्या पोक्सो नियमांत स्पष्ट लिहिले आहे की तातडीच्या उपचारासाठी डॉक्टरने पोलिसांचे, कोर्टाचे किंवा इतर कोणतेही कागद मागायचे नाहीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णाला ताबडतोब मोफत उपचार दिलेच पाहिजेत. जे देणार नाहीत त्यांना भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे दोन आकडे, ३९७ आणि २००, लिहून ठेवा. भांडण न करता एवढेच म्हणा: 'नाही म्हणता ते लेखी द्या.' बहुतेक ठिकाणी त्यानंतर केस पेपर निघतो. नाही निघाला तर तिथूनच १०९८ वर फोन करा.

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रे आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून सुरू झालेले हे काम दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. जिल्ह्यांच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असते. या ठिकाणी उपचार, समुपदेशन आणि वकिलाची मदत मिळते.

डॉक्टर पोलिसांना कळवतील, हे लक्षात ठेवा. कायद्याने ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे घाबरून दवाखाना टाळू नका. पोलिसांत केव्हा आणि कसे बोलायचे यात मदत मिळते, ते आता पाहू.

पोलिसांकडे

घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

लेकराला ठाण्यातच नेले पाहिजे असे नाही. कलम २४ प्रमाणे जबाब घरी किंवा लेकराला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने घ्यायचा आणि त्या वेळी गणवेश घालायचा नाही. रात्री कोणत्याही मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. ही समिती कुटुंबाला एक 'सहाय्यक व्यक्ती' देते, जी तपासापासून कोर्टापर्यंत सोबत राहते. समितीला तसे अर्जाने मागा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले तेव्हा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि माहिती असून कळवले नाही म्हणून शाळेच्या जबाबदार लोकांवरही कारवाई झाली. यातून दोन गोष्टी समजतात. एक, पहिल्या फेरीत दाद लागली नाही तरी मागे फिरायचे नाही. दोन, माहिती असून गप्प बसणे हाही पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. तो शाळेला लागू आहे तसा शेजाऱ्यालाही आहे.

'नुसता कपड्यावरून हात लावला, त्यात काय एवढे' असे बैठकीत कोणी म्हणेल. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून तो पोक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही असे म्हटले होते. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. वाईट हेतूने केलेला स्पर्श कपड्यावरून असला तरी तो गुन्हाच आहे.

'तुम्ही बौद्ध, तुम्हाला ॲट्रॉसिटी लागत नाही'

हे वाक्य ठाण्यात ऐकू आले तर गप्प बसू नका. अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले असते, त्याचा असा अर्थ लावला जातो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले गेले होते हे खरे. पण १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना त्या यादीत आणले. म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्याला लागू आहे.

आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर पोक्सोसोबत ॲट्रॉसिटीची कलमे लावण्याची मागणी पहिल्याच जबाबात करा. आरोपीला आपली जात माहीत होती हे जबाबात स्पष्ट लिहून घ्या. एकाच गल्लीत राहतो, आपल्या कार्यक्रमांना येतो, जातीवरून बोलला होता, जे खरे असेल ते सांगा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. जात प्रमाणपत्र हाताशी नसेल तर तक्रार थांबवू नका, ते नंतर देता येते. पण आजच घरातल्या सगळ्या मुलामुलींची प्रमाणपत्रे काढून ठेवा. ती शिष्यवृत्तीपुरतीच कामाची नसतात.

या कायद्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्यात ५ लाख आणि सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यात ८ लाख २५ हजार रुपये मदत ठरलेली आहे. निम्मी रक्कम वैद्यकीय अहवालानंतर, पाव दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर आणि उरलेली पाव खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर मिळते. म्हणजे इथेही पहिला कागद दवाखान्याचाच लागतो.

आरोपी आपल्याच समाजाचा असेल तर ॲट्रॉसिटी लागणार नाही. पोक्सो मात्र पूर्ण ताकदीने लागतो.

मिटवामिटवी

आरोपी आपल्यातला असला की बैठकीतला सूर बदलतो. 'समाजाची बदनामी होईल', 'त्याचे आईबाप म्हातारे आहेत', 'पन्नास हजार घ्या आणि विषय संपवा'. काही ठिकाणी तर मुलीचे लग्न त्याच माणसाशी लावायचा सल्ला दिला जातो.

असा तोडगा कायद्यापुढे टिकत नाही. राजस्थानातील एका शिक्षकावरच्या प्रकरणात मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. मुलांवरचा लैंगिक अत्याचार ही दोन घरांमधली खासगी बाब नाही, असे त्यात ठरले.

आरोग्याच्या बाजूनेही बघा. ज्या गल्लीत तो माणूस उजळ माथ्याने फिरतो, त्याच गल्लीतून लेकराला रोज शाळेत जायचे असते. झोप उडते, जेवण जात नाही, अभ्यास सुटतो. त्यात पैसे घेतल्याचे कळले की लेकराला वाटते, आपल्या घरच्यांनी आपल्याला विकले. आणि गप्प राहिलेला माणूस पुढच्या लेकराकडे वळतो.

बदनामीच्या भीतीने मुलीला घाईघाईने लांबच्या, न पाहिलेल्या स्थळी देणे हा तर आणखी मोठा धोका आहे. हुंडा नको, खर्च आमचा, वर दलालाला पैसेही देतो म्हणणारे स्थळ आले तर सावध व्हा. अशा 'लग्नां'तून मुली परराज्यात विकल्या जातात. अठरा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

मोर्चा काढा, पण नाव नको

अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरण्याची आपली सवय चांगली आहे. त्याशिवाय अनेक गुन्हे नोंदवलेच गेले नसते. पण लेकराचा फोटो फ्लेक्सवर, नाव घोषणेत आणि आईचा रडतानाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो तेव्हा त्या लेकराची शाळा सुटते आणि घर बदलावे लागते. नाव, फोटो, शाळा, गल्ली, आईवडिलांची नावे, ज्यातून ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे. निवेदनात 'पीडित बालिका' एवढेच लिहा. विहारात या विषयावर सभा घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण त्या घराचे नाव न घेता.

पुढचे महिने

कायदा म्हणतो की खटला शक्यतो एका वर्षात संपावा. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त वेळ लागतो. म्हणून लेकराचे आयुष्य निकालावर अडकवू नका. शाळा चालू ठेवा. जेवण, खेळ आणि झोप यांच्या वेळा पूर्वीसारख्या ठेवा. समुपदेशनाच्या तारखा चुकवू नका. लेकरू स्वतःला इजा करू लागले, मरणाची भाषा करू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पैशांसाठी तीन वाटा आहेत. पोक्सो नियमांखाली अन्न, कपडे आणि प्रवास यांसाठी तातडीची मदत मिळू शकते. ती बाल कल्याण समितीकडे मागायची. विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकते. आणि महाराष्ट्र शासनाच्या 'मनोधैर्य' योजनेतून जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. तिचा अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात होतो. तिथे मोफत वकीलही मिळतो. यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका.

रोजची खबरदारी

लेकरांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावे न लाजता शिकवा. ज्याला नावच माहीत नाही ते मूल सांगणार काय? 'कोणी म्हटले की हे आईला सांगू नको, तर ते आधी आईलाच सांगायचे' हा नियम घोटून घ्या. नात्यातल्या माणसाच्या मांडीवर बसायला, पापा द्यायला लेकरू नको म्हणत असेल तर जबरदस्ती करू नका.

सार्वजनिक शौचालयाची वाट अंधारी असते. तिथे दिवा लागावा म्हणून वॉर्ड ऑफिसात सह्यांचा अर्ज द्या आणि तोवर मुलांना एकटे पाठवू नका. दोघे आईवडील कामाला जात असतील तर दुपारी लेकरू कोणाकडे असते हे नुसते गृहीत धरू नका, अधूनमधून अचानक जाऊन पाहा. हे सगळे मुलग्यांसाठीही तितकेच लागू आहे.

कापून भिंतीवर लावा

१. विश्वास ठेवा. 'तुझी चूक नाही' असे म्हणा.
२. आंघोळ नको. कपडे न धुता कागदात गुंडाळा.
३. ७२ तासांच्या आत दवाखाना. एफआयआर नसली तरी उपचार मोफत. कलम ३९७ आणि २००.
४. उशीर झाला असेल तरी दवाखाना.
५. जबाब घरी, साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्याकडे.
६. जात प्रमाणपत्र तयार ठेवा. बौद्धांना ॲट्रॉसिटी कायदा लागू आहे.
७. तडजोड नाही. नाव आणि फोटो कुठेही नाही.

मुलांसाठी १०९८, चोवीस तास मोफत.
तातडीच्या मदतीसाठी ११२.
महिलांसाठी १८१.
मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.